दोन पोर्टेबल ब्लूटूथ स्पीकरांतून खरा स्टिरिओ कसा मिळवावा?

जुळे_सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. जुळे सोलापुरातील आमच्या सोसायटीत काही कुटुंबे महिन्यातून एकदा शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी एकत्र जमतात. बैठक साधारण बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशा दिवाणखान्यात असते आणि उन्हाळ्यात रात्री ती गच्चीवर हलते. वीस-बावीस माणसे असतात व सर्वजण जमिनीवर बसतात. आमच्याकडे एकाच कंपनीचे दोन पोर्टेबल स्पीकर आहेत. एक आधी घेतलेला आणि दुसरा त्याच मालिकेतील नंतरचा मॉडेल. नवी पेठेतील दुकानात विचारले असता, दोन्हीही ब्लूटूथ ५ चे असल्यामुळे ते एकमेकांशी सहज जोडले जातील, असे सांगण्यात आले होते.

प्रत्यक्षात माझ्या फोनवर एक स्पीकर जोडला की दुसऱ्याचा आवाज बंद होतो. एका सदस्याच्या फोनमध्ये एकाच वेळी दोन उपकरणांकडे आवाज पाठवण्याची सोय आहे. त्या फोनवरून दोन्ही स्पीकर वाजतात, परंतु तबल्याची प्रत्येक थाप दुहेरी ऐकू येते. आलापी चालू असताना हा दोष जवळजवळ जाणवत नाही, द्रुत लयीत मात्र ऐकणे अशक्य होते. शिवाय दोन्ही स्पीकरांतून तोच तो आवाज येतो; डावा-उजवा असा भेद मुळीच नसतो.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. हा दोष फोनचा आहे की स्पीकरचा? वेगवेगळ्या मॉडेलचे दोन स्पीकर स्टिरिओ म्हणून जोडता येतात का? आणि तारेने जोडणी केल्यास काम होईल का? वर्गणीतून नवीन खरेदी करावी लागली तर ती एकदाच आणि विचारपूर्वक व्हावी, अशी सर्वांची इच्छा आहे.

ध्वनितंत्र (उत्तर)

आपण तबला आणि आलापी यांतील जो फरक नोंदवला आहे, त्यातच अर्धे निदान आहे. त्याकडे वळण्यापूर्वी आवाज फोनमधून स्पीकरपर्यंत कसा पोहोचतो हे पाहू.

आज वापरात असलेल्या बहुतेक पोर्टेबल स्पीकरांत संगीतासाठी ए-टू-डी-पी नावाची ब्लूटूथची जुनी पद्धत वापरली जाते. या पद्धतीत फोन डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनल एकाच प्रवाहात बांधून एका उपकरणाकडे पाठवतो. एकाच प्रवाहाचे दोन भाग करून डावा एका स्पीकरला आणि उजवा दुसऱ्याला द्यावा, अशी तरतूदच तिच्यात नाही. म्हणजे फोन आपले काम नेमके करत आहे. प्रवाह स्पीकरमध्ये पोहोचल्यावर, त्या स्पीकरमध्ये आवाज काढणारा एकच मुख्य पडदा (ड्रायव्हर) असेल तर दोन्ही चॅनल एकत्र मिसळून वाजवले जातात.

मग दोन स्पीकरांची जोडी विकणाऱ्या कंपन्या स्टिरिओ कसा देतात? फोन फक्त पहिल्या, म्हणजे मुख्य स्पीकरशी बोलतो. दुसऱ्या स्पीकरपर्यंत संगीत कसे पोहोचवायचे आणि दोघांची आतली घड्याळे एकमेकांशी कशी जुळवून ठेवायची, हे स्पीकर आपापसांत ठरवतात. मुख्य स्पीकर स्वतःसाठी एक चॅनल ठेवतो आणि दुसरा साथीदाराकडे सोपवतो. हे आपापसांतले बोलणे ए-टू-डी-पीचा भाग नसल्याने प्रत्येक कंपनीने ते आपल्या पद्धतीने केले आहे, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही ते बदलत गेले आहे. त्यामुळे खोक्यावरचा ब्लूटूथ ५ हा आकडा पाहून दोन स्पीकर जुळतील की नाही, याविषयी काहीही सांगता येत नाही.

उदाहरणादाखल जेबीएलचे स्पीकर घ्या. त्यांची आधीची पद्धत कनेक्ट, नंतरची कनेक्ट प्लस, त्यानंतरची पार्टीबूस्ट, आणि अलीकडच्या मॉडेलांत ऑराकास्ट. फ्लिप ४ हा कनेक्ट प्लसचा आणि फ्लिप ५ पार्टीबूस्टचा. नावाने सख्खे भाऊ असूनही हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. फ्लिप ७ आणि चार्ज ६ ऑराकास्टवर गेले, त्यामुळे पार्टीबूस्टच्या स्पीकरांशी त्यांची जोडी होत नाही. बोस आणि सोनी यांच्याही अनेक मॉडेलांत अशी सोय आहे, पण तिथेही ती त्या त्या कंपनीच्या चौकटीतच चालते.

यात आणखी एक भेद नीट लक्षात घ्यावा. बहुतेक कंपन्या दोन निरनिराळ्या सोयी देतात. पार्टी मोडमध्ये सर्व स्पीकर एकच मिश्र आवाज एकाच वेळी वाजवतात, आणि पद्धत समान असेल तर वेगवेगळी मॉडेलेही त्यात सामील होऊ शकतात. स्टिरिओ मोडमध्ये डावा-उजवा भेद मिळतो, परंतु त्यासाठी जवळजवळ नेहमीच एकाच मॉडेलचे दोन स्पीकर लागतात. ही अट मला योग्य वाटते. दोन पेट्यांचा आकार, पडदा आणि आतील प्रक्रियेला लागणारा वेळ वेगळा असेल, तर मध्यभागी ऐकू यावयाचा गायकाचा आवाज एका बाजूला ओढला जातो आणि स्वराच्या उंचीनुसार इकडेतिकडे सरकतो.

आता दुहेरी थापेविषयी. काही फोनांतील दोन उपकरणांकडे आवाज पाठवण्याची सोय (सॅमसंगने ती २०१७ च्या गॅलेक्सी एस ८ बरोबर आणली) म्हणजे दोन स्वतंत्र प्रवाह असतात. दोन्हींत संपूर्ण गाणे जाते, म्हणून डावे-उजवे वेगळे होत नाही. आणि प्रत्येक स्पीकर आलेली माहिती स्वतःच्या सोयीने साठवून मग वाजवत असल्याने दोघांत काही मिलिसेकंदांचे अंतर पडते. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा ३० मिलिसेकंदांचा फरक म्हणजे एक स्पीकर जणू दहा मीटर मागे नेऊन ठेवल्यासारखे आहे. ध्वनीचे अभ्यासक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की थोड्याशा अंतराने आलेले दोन सारखे आवाज कानाला एकच वाटतात आणि ते आधी पोहोचलेल्या आवाजाच्या दिशेने आल्यासारखे भासतात. ही सवलत आवाजाच्या प्रकारावर अवलंबून असते. सलग स्वरात तीस-चाळीस मिलिसेकंद खपून जातात. थापेसारख्या क्षणिक आघातात मात्र त्याहून पुष्कळ कमी फरकही वेगळा ऐकू येतो. आपल्या बैठकीत नेमके हेच घडत आहे.

आपण पुढीलप्रमाणे करून पाहावे. फोनच्या ब्लूटूथ यादीतून दुसरा स्पीकर पूर्णपणे काढून टाका. कंपनीचे ॲप उतरवून दोन्ही स्पीकरांचे फर्मवेअर (स्पीकरमधील अंतर्गत सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, कारण जोडणीच्या अनेक तक्रारी तिथेच मिटतात. नंतर फक्त एक स्पीकर फोनला जोडा आणि दोन्ही स्पीकरांवरील जोडणीचे बटण दाबा किंवा ॲपमधून दुसरा स्पीकर सामील करा. ॲपमध्ये स्टिरिओचा पर्याय दिसला तर तो निवडून डावा-उजवा ठरवा. तो दिसलाच नाही तर आपल्या दोन मॉडेलांना ती परवानगी नाही असे समजावे. जोडी योग्य झाल्यास फोनच्या यादीत एकाच स्पीकरशी जोडणी झाल्याचे दिसते.

अक्कलकोट_रोड (उत्तर)

तारेच्या पर्यायाविषयी मी लिहितो, कारण त्यात एक चूक फार सर्रास होते. बाजारात मिळणारा साधा वाय आकाराचा जोड एका हेडफोनच्या छिद्रातून दोन छिद्रे देतो. त्यातून दोन्ही स्पीकरांना डावा आणि उजवा असे दोन्ही चॅनल मिळतात, म्हणजेच स्टिरिओ मिळत नाही. आपल्याला ३.५ मिलिमीटरच्या स्टिरिओ पिनमधून लाल आणि पांढरी अशा दोन आरसीए (ध्वनियंत्रांच्या जोडणीतल्या गोल) पिना निघणारी केबल लागेल. पांढरी डाव्या चॅनलची आणि लाल उजव्याची. त्यापुढे प्रत्येक पिनेला असा जोड लावावा, जो एका आरसीएवरचा आवाज स्पीकरच्या ऑक्स (तारेने आवाज घेण्याच्या) छिद्रातील डाव्या व उजव्या दोन्ही टोकांना देतो. नाहीतर स्पीकरला अर्धाच आवाज मिळतो आणि तो बारीक वाजतो. एका चॅनलचा आवाज दोन ठिकाणी नेण्यात धोका नाही. याच्या उलट, फोनमधून निघणारे डावे व उजवे टोक एकत्र जोडणे मात्र टाळावे, कारण त्यामुळे दोन आउटपुट एकमेकांविरुद्ध लढू लागतात.

अडचण अशी की पुष्कळ नवीन पोर्टेबल स्पीकरांत ऑक्सचे छिद्रच उरलेले नाही. वर उल्लेख आलेल्या फ्लिप ४ ला ते होते, फ्लिप ५ पासून ते गेले. आपल्या दोनपैकी एकाला जरी ते नसेल तरी हा मार्ग बंद होतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की जी बैठक बहुतेक वेळा एकाच दिवाणखान्यात होते, तिच्यासाठी दोन पोर्टेबल स्पीकरांची जोडी हा पहिला पर्याय असू नये. एक छोटा ॲम्प्लिफायर, तारेने जोडलेले दोन साधे स्पीकर आणि ॲम्प्लिफायरला लावलेला एक ब्लूटूथ रिसीव्हर घेतला, तर ब्लूटूथचा संपूर्ण प्रवाह एकाच ठिकाणी येतो आणि डावे-उजवे त्यानंतर तारेतच वेगळे होते. दोन्ही बाजूंना एकच घड्याळ असल्यामुळे विलंबाचा प्रश्नच उद्भवत नाही. पोर्टेबल स्पीकरला पाणी, धूळ आणि बॅटरी यांसाठी जी किंमत मोजावी लागते, ती इथे पडद्याच्या आणि पेटीच्या दर्जावर खर्च होते. गच्चीवर विजेची सोय असेल तर तीच जोडी वरही नेता येते.

सात_रस्ता_रसिक (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहेत, परंतु मला आधीचा प्रश्न विचारावासा वाटतो: वीस माणसांच्या बैठकीत आपल्याला खरोखर स्टिरिओ हवा आहे का?

ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातून पुढे आलेल्या दोन स्पीकरांच्या स्टिरिओमागची कल्पना ही की दोन बाजूंच्या आवाजांतील सूक्ष्म फरकांवरून ऐकणाऱ्याला समोर एक मंच उभा राहिल्यासारखा वाटावा. हा मंच नीट दिसतो तो दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर बसलेल्या माणसाला. दोन स्पीकर आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण होतो तेव्हा सर्वांत चांगला. बारा फुटांच्या खोलीत ही जागा दोन-तीन जणांना मिळते. भिंतीशी बसलेल्या श्रोत्याला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी येतो, आणि ध्वनितंत्र यांनी सांगितलेल्या हासच्या नियमाप्रमाणे त्याला गायक, तबला, पेटी सर्व काही त्या एकाच स्पीकरमधून ऐकू येते. एखाद्या ध्वनिमुद्रणात तबला एका बाजूला आणि सारंगी दुसऱ्या बाजूला ठेवली असेल, तर डाव्या भिंतीशी बसलेल्याला सारंगी दुरून ऐकावी लागते आणि उजवीकडच्याला तबला. मैफलीत प्रत्येकाला साथ सारखी ऐकू यावी असे वाटत असेल, तर दोन्ही स्पीकरांतून एकच मिश्र आवाज, अर्थात एकाच क्षणी वाजणारा, हा कमीपणा नसून उचित निवड आहे.

शिवाय आपण काय ऐकता हेही पाहावे. ७८ गतीच्या तबकड्यांवरून आलेली सर्व जुनी गायकी मोनो, म्हणजे एकाच चॅनलची आहे. व्यापारी स्टिरिओ तबकड्या जगातच १९५८ च्या सुमारास रुजू लागल्या, तेव्हा त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक मैफलींच्या मुद्रणांत डावे-उजवे असे काही नसतेच. अशा मुद्रणासाठी दोन स्पीकरांची स्टिरिओ जोडी केली तरी दोन्हींतून तेच येणार. अलीकडच्या स्टुडिओतील मुद्रणांत मात्र तानपुऱ्याचा पसारा दोन्ही बाजूंना मांडलेला असतो आणि त्यासाठी स्टिरिओ असणे मलाही मोलाचे वाटते.

आता मांडणीविषयी, कारण यावर खर्च होत नाही आणि फरक पुष्कळ पडतो. श्रोते जमिनीवर बसणार असतील तर स्पीकर टेबलावर उंच ठेवू नयेत. बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला, म्हणजे अडीच ते तीन फुटांवर असावेत. जमिनीवरच ठेवल्यास पुढच्या ओळीची शरीरे वरचे स्वर अडवतात. कोपऱ्यात सारल्यास खर्ज फुगतो आणि डग्गा घुमू लागतो, म्हणून भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे घ्यावेत. दोन स्पीकरांतील अंतर सहा-सात फूट पुरेसे आहे; खोलीच्या दोन टोकांना ठेवल्यास मधोमध पोकळी वाटते. उघड्या फरशीच्या दिवाणखान्यात टाळीचा आवाज झणझणत असेल तर सतरंजीवर जाड चादरी अंथराव्यात आणि मागच्या भिंतीवर पडदा सोडावा. आपल्या सोलापुरी चादरींनी वरच्या पट्टीतील झणझण बऱ्यापैकी कमी होते. खर्जावर त्यांचा परिणाम होत नाही, त्यासाठी स्पीकरच हलवावा लागतो.

गच्चीवर नियम बदलतो. तिथे भिंती नसल्यामुळे खर्ज टिकत नाही आणि आवाज वाढवण्याचा मोह होतो. आवाज वाढवण्यापेक्षा स्पीकर जवळ घ्यावेत आणि श्रोत्यांनी अर्धवर्तुळात बसावे. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, तेही या मांडणीमुळे सांभाळता येते.

जुळे_सोलापूरकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ॲप उतरवून दोन्ही स्पीकर अद्ययावत केले. स्टिरिओचा पर्याय दिसत नाही. पार्टी मोड मात्र चालू झाला आणि दुहेरी थाप पूर्णपणे गेली. मांडणीही सांगितल्याप्रमाणे बदलली. डग्ग्याची घुमघुम थांबल्याचे सदस्यांनी आपणहून सांगितले, याचा विशेष आनंद आहे.

नव्या मुद्रणांसाठी स्टिरिओ हवा असे अनेकांचे मत पडले, त्यामुळे सध्याच्या नवीन मॉडेलचा आणखी एक नग घ्यावा असा विचार आहे. त्याआधी दोन शंका. जोडी खरोखर डावी-उजवी वाजते आहे याची खात्री दुकानातच कशी करावी? आणि नवीन येऊ घातलेल्या ब्लूटूथसाठी थांबणे शहाणपणाचे ठरेल का? एका सदस्याने लॅपटॉपवरून दोन्ही स्पीकर एकदम वाजवण्याचाही मार्ग सुचवला आहे, त्याविषयीही वाचायला आवडेल.

ध्वनितंत्र

खात्रीसाठी डावा-उजवा तपासण्याची ध्वनिफीत फोनमध्ये ठेवून न्यावी. तिच्यात आधी केवळ डाव्या आणि नंतर केवळ उजव्या बाजूने आवाज येतो. त्याआधी फोनच्या सुलभता किंवा ॲक्सेसिबिलिटी या भागात मोनो ऑडिओ बंद असल्याचे आणि डाव्या-उजव्याचा तोल मध्यभागी असल्याचे पाहून घ्यावे. मोनो चालू राहिला तर उत्तम जोडीही एकसारखीच वाजेल आणि दोष विनाकारण स्पीकरवर येईल. आपला सध्याचा स्पीकर दुकानात सोबत नेऊन नव्या नगाशी तिथेच जोडून पाहण्याचा आग्रह धरावा. केवळ मॉडेलचे नाव जुळणे पुरेसे नसते, कारण फर्मवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते.

नव्या पद्धतीविषयी: एल-ई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या ध्वनिपद्धतीची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली आणि तिची तांत्रिक मानके २०२२ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात एल-सी-थ्री हे नवीन कोडेक (आवाज आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत) आहे आणि एकाच स्रोतातून अनेक उपकरणांकडे एकमेकांशी जुळलेले प्रवाह पाठवण्याची तरतूद मानकातच आहे, म्हणजे आजवर जे प्रत्येक कंपनीने स्वतःपुरते केले ते सर्वांसाठी समान होण्याचा पाया घातला गेला आहे. ऑराकास्ट हा तिचाच भाग, परंतु त्याचा मुख्य हेतू एक आवाज अनेकांपर्यंत प्रक्षेपित करणे हा आहे. खोक्यावर ऑराकास्ट लिहिले आहे म्हणून दोन कंपन्यांचे स्पीकर आपोआप डावे-उजवे होतील असे मानू नये. आपली बैठक दर महिन्याला होते. त्यासाठी थांबावे असे मला वाटत नाही.

लॅपटॉपच्या मार्गात मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप या ॲपमधून अनेक स्पीकरांचा गट करता येतो आणि लिनक्सवरही तशी सोय आहे. पण तिथे प्रत्येक स्पीकर आपल्या घड्याळाने चालतो. दोन घड्याळांत दहा लाखांमागे केवळ २० भागांचा फरक असला आणि तो दुरुस्त होत नसला, तर तासाभरात ७२ मिलिसेकंद साचतात, म्हणजे सुरुवातीला जुळलेला तबला मध्यंतरापर्यंत पुन्हा दुहेरी होतो. मॅकच्या गटात हा फरक भरून काढण्याचा पर्याय असतो, तो अवश्य चालू करावा. तरीही बैठकीसाठी मी स्पीकरांची आपापसांतली जोडीच निवडेन.

अक्कलकोट_रोड

खरेदी ठरलीच असेल तर दोन गोष्टींची काळजी घ्यावी. लिथियम बॅटरी ४५ अंशांहून अधिक तापमानात चार्ज करू नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे हवाच चाळिशीच्या वर जाते आणि गच्चीची फरशी त्याहून तापलेली असते, तेव्हा स्पीकर खालीच, सावलीत चार्ज करून सूर्यास्तानंतर वर न्यावेत. दोन्ही स्पीकर नेहमी एकत्रच वापरावेत आणि एकत्रच चार्ज करावेत, नाहीतर एकाची बॅटरी आधी थकते.

दुसरे असे की ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि माणसाच्या शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून दोन स्पीकरांच्या मधल्या रेषेत कोणीही बसू नये, आणि फोन मुख्य स्पीकरच्या जवळ, मोकळ्या जागी ठेवावा. खिशात ठेवून मागच्या ओळीत बसल्यास आवाज तुटतो. सुरू करताना आधी मुख्य स्पीकर लावून फोनशी जोडावा व मग दुसरा लावावा, म्हणजे फोन चुकून दुसऱ्याला जाऊन चिकटत नाही.